सांत आंतोनाने परत केलेला कागद

एकदा सांत आंतोनाच्या कानावर घातलं की मग पोलिसाच्या कानावर घालायचं नसतं, असं आर्जेमिराचं ठाम मत होतं. हरवलेली वस्तू शोधून देणं हे त्या संताचं काम. किल्ल्या, कानातलं, दावं तोडून गेलेली पाडी, सगळं त्याने तिला आजवर परत आणून दिलेलं. दोन दारांत एकच गाऱ्हाणं घालणाऱ्या बाईवर कुठला संत विश्वास ठेवील?

म्हणून रोझार मडगावहून रिकाम्या हाताने परतला, त्या दिवशी तिने आधी नवऱ्याला फैलावर घेतलं आणि मग मेणबत्ती पेटवली.

"पिशवी कुठाय?"

"कसली पिशवी?"

"निळी, कागदांची. सकाळी काखेत मारून गेलास ती."

रोझार दारापुढच्या ओट्यावर, बल्कांवावर, चढता चढता थांबला. त्याने दोन्ही हातांकडे पाहिलं आणि तिथेच पायरीवर बसकण मारली. तीस वर्षं बोटींवर भांडारी, म्हणजे आचारी, म्हणून काढलेला माणूस, दोनशे माणसांचं जेवण कधी करपू दिलं नाही, आणि मडगाव-चिंचिणी एवढ्या प्रवासात पिशवी बसमध्ये विसरून आला.

"बाजारात थांबला होतास ना? किती घेतलीस?"

"एकच गो. उन्हातून आलो म्हणून."

पिशवीत त्याचा पोर्तुगीज काळातला जन्माचा दाखला होता आणि लग्नाचा कागद. एकसष्टच्या आधी गोव्यात जन्मलेल्या माणसाचा जन्म लिस्बनच्या दप्तरात चढवता येतो आणि मग त्याच्या मुलालाही तिथला पासपोर्ट मिळतो. आमच्या चिंचिणीत त्या वर्षी घरटी एक तरी फाईल लिस्बनला गेलेली होती. रोझार आणि आर्जेमिराचा एकुलता एक ज्योविटो तेव्हा एका क्रूझवर नऊ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर स्वयंपाकघरात होता. त्याची सोयरीक ठरली होती रोवेनाशी. रोवेनाचे आईबाप, भाऊ सगळे तिकडचा पासपोर्ट घेऊन इंग्लंडला निघण्याच्या तयारीत होते. ज्योविटोलाही तोच हवा होता. पासपोर्ट आला की लग्न आणि लग्न झालं की सगळी मिळून तिकडे, असं दोन्ही घरांत ठरलेलं.

"उद्या पोलिसांत जाऊन लिहून देतो," रोझार म्हणाला. "एजंट म्हणत होता, कागद गहाळ झाला तर तक्रार पाहिजे. कोणाच्या हातात पडला आणि त्याने काही केलं तर आपल्याकडे पुरावा राहतो."

"काय करणार तुझ्या कागदाचं? चणे बांधणार? पोलिसांत गेलास की चार खेपा, चार प्रश्न, वर सगळ्या गावाला कळणार की फुर्तादांनी दाखला हरवला. रोवेनाच्या बापाच्या कानावर गेलं म्हणजे?"

कुंपणापलीकडून पिएदाद सगळं ऐकतच होती. ऐकणं हा तिचा जन्मजात हक्क. "आर्जेमिरा बाये, जाऊ दे गो त्याला पोलिसांत. माझ्या दिराचं पाकीट गेलं, तेव्हा..."

"तुझ्या दिराचा संतांवर विश्वास नाही, म्हणून त्याचं पाकीट अजून मिळालं नाही."

झालं. रोझार गेला नाही. बायकोचा शब्द मोडण्यापेक्षा समुद्राचं वादळ बरं, असं तो बोटीवरच्या मित्रांना सांगायचा म्हणे. आर्जेमिराने सांत आंतोनाला तोंड भिंतीकडे करून ठेवलं, दाखला मिळेपर्यंत असंच राहायचं अशी तंबी दिली, आणि मिळाला तर घरी लादाईन घालीन, संताची गाणी-प्रार्थना करवीन, अख्ख्या वाड्याला चणे आणि गोड वाटीन, असा नवस बोलली.

तिसऱ्या मंगळवारी दुपारी दारात मोटरसायकल थांबली. पस्तिशीचा माणूस, पांढरा शर्ट, केस चापून बसवलेले. हातात निळी पिशवी.

"रोझार फुर्तादांचं घर हेच ना? ही तुमची असेल."

आर्जेमिराच्या हातातलं सूप खाली पडलं. तिने पिशवी उघडून पाहिली. दाखला होता. लग्नाचा कागदही होता. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"तुझं नाव काय रे पुता?"

"आंतोन."

आता सांगा, एवढं ऐकल्यावर कुठल्या बाईची अक्कल ठिकाणावर राहील! ती आत धावली, संताला सरळ केलं, त्याच्या पायांना हात लावला आणि रडत बाहेर आली. रोझारने तेवढ्यात विचारलं होतं, "पिशवीवर पत्ता होता की. तीन आठवडे कुठे होती?" तो माणूस म्हणाला, कामानिमित्त मुंबईला गेलो होतो, काल आलो. आर्जेमिराने नवऱ्याला कोपराने असं ढोसलं की पुढचा प्रश्न त्याच्या तोंडातच राहिला. देवमाणसाची उलटतपासणी करतोय मेला!

लादाईन शनिवारी झाली. वाड्यातली सगळी आली, पिएदादने वरच्या पट्टीत गायलं, उकडलेले चणे आणि फेणी फिरली, आणि मधल्या खुर्चीवर बसला होता आंतोन. जो तो त्याच्या पाठीवर थाप मारत होता. तोही किती गोड बोलायचा! मुलगा कुठे असतो, कधी जन्मला, कुठल्या हॉस्पिटलात, बाप्तिस्म्याला मादीन, म्हणजे धर्ममाता, कोण होती, असं एक एक विचारत होता आणि आर्जेमिरा एकाला दोन सांगत होती. एकुलत्या एका पोराबद्दल कोणी एवढ्या आस्थेने विचारलं तर आई काय तोंड बांधून बसणार? तिने आल्बमसुद्धा काढून दाखवला. रोझारने दोनदा खाकरून पाहिलं. "पाहुण्याला जेवू दे गो, त्याला आपलं घराणं काय पाठ करायचंय?" तो हसत म्हणाला. सगळेच हसले.

जाताना तो मागच्या दाराशी आला. ती त्याच्यासाठी चण्याच्या डाळीच्या गोड वड्या, दोस, बांधत होती.

"माय, एक सांगू? लिस्बनच्या ऑफिसात माझा मावसभाऊ आहे. तुमच्या ज्योविटोच्या दाखल्याची एखादी झेरॉक्स असली तर द्या. त्याला पाठवतो, फाईल लवकर हलवील. पण कोणाला बोलू नका. एकाचं केलं की दहा जण मागे लागतात."

तिने देव्हाऱ्याखालच्या खणातून ज्योविटोच्या जन्मदाखल्याची प्रत काढली. शाळेचा दाखला काढला. शिपिंगसाठी काढलेले त्याचे दोन फोटो होते, तेही काढले. सगळं एका लांब पाकिटात घालून दोसाच्या पुड्याबरोबर त्याच्या हातात दिलं, आणि वर म्हणाली, "देव तुझं भलं करो." चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्याव्यात, तशा तिने दिल्या. आणि दिल्या त्या आशीर्वादासकट.

रोझारला ती बोलली नाही. फाईल लवकर आली की मग सांगू, सगळे आश्चर्य करतील, असं तिच्या मनात होतं. पुढच्या रविवारी तिने वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली: सांत आंतोनाचे आभार, कृपा लाभली, आर्जेमिरा फुर्ताद, चिंचिणी. कात्रण तिने देव्हाऱ्यात चिकटवलं. हरवलं होतं ते मिळालं, विषय संपला. ज्योविटोला फोनवर कोणी काही सांगितलंही नाही. पोराचा जीव कशाला टांगणीला लावायचा?

एजंटाकडे रांग मोठी होती. फाईल जायला वर्ष लागलं, आणि गेल्यावर उत्तर यायला आणखी एक. त्यानंतर एका सकाळी एजंटाने सुट्टीवर घरी आलेल्या ज्योविटोला मडगावला बोलावून घेतलं.

तो दुपारी घरी आला तेव्हा आर्जेमिरा बांगड्यांना मसाला भरत होती. त्याने कागद टेबलावर टाकला.

"मी लिस्बनला आधीच आहे म्हणे."

"कोण?" रोझारने विचारलं.

"मी! ज्योविटो फुर्ताद. आई आर्जेमिरा, बाप रोझार, जन्म मडगावचा. तुझं नाव कोणीतरी दोन वर्षांपूर्वीच तिथे चढवलंय, पप्पा. माझ्या नावाने पासपोर्ट घेतलाय. आता तो इंग्लंडमध्ये कुठेतरी राहतो. मीच राहतो तिकडे! मग हा इथला मी कोण? एजंट मला विचारतो, तू खरा कशावरून?"

आर्जेमिराच्या बोटांना मसाला तसाच लागलेला राहिला. पाकीट, दोस, पांढरा शर्ट, सगळं एका क्षणात तिच्या डोळ्यांपुढे आलं. तिला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

"कागद बाहेर गेला कसा?" ज्योविटो ओरडला. "कोणाला दिला होता?"

तिने तोंड उघडलं. त्याच्या आधी रोझार बोलला.

"माझ्याकडून हरवला होता. बसमध्ये. तीन आठवड्यांनी मिळाला. पोलिसांत जायला हवं होतं, मी गेलो नाही. चूक माझी."

तो तिच्याकडे न बघता बोलला. आणि तिने उघडलेलं तोंड मिटलं. पुढे तिने स्वतःला हजारदा विचारलं, तेव्हा का मिटलं? भीती वाटली, हे एकच उत्तर. पोराच्या डोळ्यांत बापासाठी जे उतरलं होतं, ते आपल्यासाठी उतरलेलं बघायची तिची छाती झाली नाही. उद्या सांगू म्हणाली. तो उद्या काही आला नाही.

मग बैल गेला नि झोपा केला, तशी पोलिसात तक्रार झाली. हवालदाराने विचारलं, दोन वर्षांनी आलात? मोटरसायकलचा नंबर? आडनाव? कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्या वाड्याने ज्याच्या पाठीवर थाप मारली होती, त्याचं आडनाव विचारायचं कोणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

रोवेनाच्या घरचे मे महिन्यात गेले. रोवेना आदल्या संध्याकाळी येऊन आर्जेमिराच्या गळ्यात पडून रडली, म्हणाली, मी थांबेन. पोरगी खोटं बोलली नाही. दोन वर्षं थांबली. मग तिचं तिथेच एका कुडतरीच्या मुलाशी लग्न झालं. पिएदादने ते कुंपणावरून सांगितलं, आणि पहिल्यांदाच तिला सांगताना मजा आली नाही.

ज्योविटो बापाशी बोलायचा बंद झाला. सुट्टीवर आला की एका टेबलावर जेवायचे, पण "मम्मा, त्यांना सांग, मीठ इकडे सरकवा." मीठ रोझारच्या हाताशी असायचं. तो मुकाट्याने सरकवायचा. बाजारातलं दारूचं दुकान त्याने सोडलं, घरचीही बाटली सोडली. संध्याकाळी बल्कांवावर एकटा बसायचा. आर्जेमिरा शेजारी जाऊन बसायची, ओठांवर शब्द यायचे, आणि ती विचारायची, "चहा टाकू?"

"टाक," तो म्हणायचा.

त्याच्या छातीत दुखू लागलं तेव्हा ज्योविटो सुट्टीवर होता. हॉस्पिटलात चार दिवस काढले. चौथ्या दिवशी दुपारी ती आंघोळ करून कपडे आणायला घरी आली आणि परत जाईपर्यंत रोझार गेला होता. ज्योविटो खाटेशेजारी बसलेला होता, कोरड्या डोळ्यांनी. न बोलताच बाप गेला, न बोलताच पोराने त्याला जाऊ दिला, आणि याला कारण मी, हे तिच्या काळजात रुतलं ते रुतलंच. दर महिन्याला ती चर्चमध्ये रोझारच्या नावाने मीस, त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना, सांगायची. पाद्री म्हणाला, बाये, एवढ्या मिसा पुरे. त्याला काय ठाऊक, कोणासाठी ते!

वाटलं होतं, जायचं ते सगळं गेलं. पण रोझारला जाऊन दोन वर्षं झाली आणि ज्योविटोच्या भारतीय पासपोर्टाची मुदत संपली. नवा मागायला गेला तर ऑफिसात म्हणाले, तुमच्या नावाने परदेशी नागरिकत्व घेतलेलं दिसतंय, ते घेतलं की इथलं राहत नाही. हे तुम्ही नव्हे, असं कोर्टातून सिद्ध करून आणा. मतदारयादीतल्या त्याच्या नावावरही आक्षेप आला. बोट त्याला न घेता निघून गेली. बत्तीस वर्षांचा पोरगा स्वतःच्या घरात, स्वतःच्या गावात, आणि तो कोण हे मात्र सांगायचं कोर्टाने.

मडगावच्या वकील केणी बाईंनी दोघांना बोलावलं. चष्मा कपाळावर, समोर कागदांचा ढीग, बोलणं तुकड्यातुकड्यांत.

"बापाचे कागद बसमध्ये हरवले, ते कळलं. पण या माणसाने लिस्बनला ज्योविटोचा जन्मदाखला लावलाय. शाळेचा दाखला लावलाय. ते तर पिशवीत नव्हते. ते कसे बाहेर गेले, हे सांगता आलं नाही तर समोरचा वकील म्हणेल, यांनीच विकले. म्हणेल, आता पस्तावून आलेत. मला कोणाचं तरी शपथपत्र पाहिजे. बोला ज्योविटो."

ज्योविटो टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होता. "मम्माला विचारा," तो म्हणाला.

आणि मग आर्जेमिरा बोलली. शनिवार, लादाईन, मागचं दार, लांब पाकीट, दोन फोटो, सगळं. मध्ये थांबली नाही, पोराकडे पाहिलं नाही, स्वतःची बाजूही घेतली नाही. सहा वर्षं गिळलेलं पाच मिनिटांत बाहेर आलं. केणी बाई लिहून घेत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी एकदा आईकडे, एकदा मुलाकडे पाहिलं आणि "टाइप करून आणते" म्हणून त्या बाहेरच्या खोलीत गेल्या.

पंखा कुरकुरत होता. आर्जेमिरा वाट बघत होती, आता हा ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मला ठाऊक होतं," ज्योविटो म्हणाला.

"काय?"

"पाकिटाचं. पप्पांनी खिडकीतून बघितलं होतं. तेव्हा त्यांना वाटलं, तू संताच्या नावाने काही दान देतेस. लिस्बनचं उत्तर आलं त्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं."

"तुला... कधी सांगितलं?"

"त्या दुपारी. हॉस्पिटलात. तू घरी गेली होतीस."

"तू त्याच्याशी बोललास?"

"तासभर, मम्मा. मी पाया पडलो त्यांच्या. ते म्हणाले, तुझा राग एका माणसावर मावत होता, दोघांवर कशाला वाटायचा? पोराला घरात एक तरी माणूस बोलायला नको का? म्हणून गप्प राहिलो म्हणाले."

आर्जेमिराने पदर तोंडात कोंबला. दोन वर्षांच्या त्या सगळ्या मिसा! तो अबोल्यात गेला नव्हता. आणि ती मात्र रोज त्याला अबोल्यातच पुरत आली होती.

"मग तू मला का नाही रे विचारलंस?"

"पप्पांनी बजावलं होतं. म्हणाले, विचारू नकोस, ती आपणहून सांगेल. विचारून कबूल करवलंस तर ती तुझ्यापुढे कायमची चोर होऊन बसेल." त्याने पेपरवेट बाजूला सरकवला. "दोन वर्षं, घरी असलो की रोज सकाळी तू पेज वाढायचीस आणि मला वाटायचं, आज बोलेल. दाखल्याचा राग कधीच गेला, मम्मा. रोवेनाचंही जाऊ दे. पण मी वाट बघत होतो गो. आज वकिलाच्या खुर्चीवर बसून सांगितलंस. घरात का नाही सांगितलंस?"

"भ्याले," ती एवढंच म्हणाली.

केणी बाई टाइप केलेला कागद घेऊन आल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या. "माझे दिवंगत पती रोझार फुर्ताद यांच्या हातून सदर कागदपत्रे बसमध्ये गहाळ झाली, व त्यामुळे माझ्या मुलाच्या नावाचा..."

"बाई, थांबा," आर्जेमिरा म्हणाली. "ते 'त्यामुळे' काढा. त्याने हरवलं ते परत मिळालं होतं. मुलाचं नाव मी दिलं. माझ्या हाताने दिलं. तसं लिहा."

"लिहिते की खाली सगळं. कोर्टाला एवढं काही लागत नाही. पुन्हा टाइप करायचं म्हणजे अर्धा तास जाईल, तुमची तीनची बस आहे ना?"

ज्योविटोने खुर्ची आईच्या जवळ ओढली.

"पुन्हा टाइप करा, बाई," तो म्हणाला. "आम्ही थांबतो."